किनाऱ्यापुरतं नेट

बोटीवरची माणसं जमिनीवर पाय ठेवला की आधी गाव बघत नाहीत, आधी हातातला फोन बघतात. चेन्नईच्या बंदराबाहेर बसच्या दाराशी उभं राहून शेषाद्रीने हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सहलीच्या बोटीत समुद्रावर कित्येक दिवस गेलेले असायचे. बोटीवर नेट होतं, पण त्याचा भाव ऐकून चांगली सुखवस्तू माणसंही हात आखडता घेत. परदेशी कंपन्यांचं रोमिंग तर त्याहून वाईट. म्हणून सगळं साठवून ठेवायचं ते किनाऱ्यावरच्या दिवसासाठी. नातवंडांचे फोटो, डॉक्टरांचे निरोप, भांडणं, वाढदिवस. शेषाद्री प्रत्येक कुटुंबाच्या हातात तळहातावर मावेल असा वायफायचा डबा ठेवी, फोनमध्ये पासवर्ड घालून देई, आणि मग बसभर टिंग टिंग असा आवाज सुरू होई. माना खाली. बस सुटली तरी कुणाला पत्ता नसे.

शेषाद्री कुंभकोणमचा. पूर्वज कधीतरी तंजावरच्या राजाच्या पदरी आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी रीत त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. वडील शाळेत गणित शिकवायचे. शेषाद्रीला शिकवणं जमण्यासारखं नव्हतं. त्याने पंचविशीत मोठ्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, टेलिफोनचा बूथ टाकला. जवळच्या चोळपुरमहून बायका यायच्या आणि दुबईला गेलेल्या नवऱ्यांच्या फोनची वाट बघत बाकावर बसायच्या. मग मोबाइल आले आणि बाक रिकामा झाला. शेषाद्रीने बूथ मोडून कॉम्प्युटर मांडले. पोरं येऊन रेल्वेची तिकिटं, परीक्षेचे निकाल काढू लागली. मग तेही सगळं त्यांच्या फोनवर गेलं. त्याने रिचार्ज विकायला घेतले, तेही लोक घरबसल्या करू लागले. दर वेळी काहीतरी स्वस्त झालं आणि त्याचं दुकान जगाला महाग पडलं. त्याला कुणी लुबाडलं नव्हतं की त्याचं कुणी वाईट चिंतलं नव्हतं. नुसतं जग पुढे जात होतं आणि तो दर वेळी धापा टाकत त्याच्यामागे.

डब्यांचं काम त्याला चेन्नईच्या एका ट्रॅव्हल एजन्सीने दिलं. परदेशी माणसाला इथलं सिम घ्यायचं तर कागदपत्रं आली, ते चालू व्हायला वेळ आला, आणि बोट तर दोन रात्री थांबून जायची. त्यात डबा सोयीचा. शेषाद्रीने रात्रीच्या बसने चेन्नई गाठायची, बंदरावर डबे वाटायचे, त्याच माणसांबरोबर बसने परत कुंभकोणमला यायचं, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर देवळं हिंडायची, डबे चार्ज करायचे, नेट अडलं की बघायचं आणि त्यांना बंदरावर सोडताना डबे गोळा करायचे. सत्तावन्नाव्या वर्षी बसच्या सीटवर झोप लागत नाही. गुडघे धरतात. त्याची बायको राजेश्वरी म्हणायची, “तुम्हीं हे आतां सोडा. लेक बोलावतेय बंगळूरला.” तो म्हणायचा, “सोडतों.” आणि पुढच्या बोटीला पुन्हा बॅग उचलायचा.

त्यातही आता ई-सिम आलं होतं. माणसं घरून निघतानाच फोनमध्ये ते घालून येत. डबे मागणारे म्हातारे तेवढे उरले होते, किंवा ज्यांचे फोन जुने होते ते.

त्या खेपेला बसमध्ये चढलेल्यांत मराठी मायलेकी होत्या. लेक कविता, पन्नाशीची, मेलबर्नला स्थायिक झालेली. आई भागीरथीबाई, ऐंशीच्या आसपासची, छातीत पेसमेकर, पायात पांढरे बूट आणि अंगावर सुती साडी. पाच-सहा वर्षांपासून ती लेकीकडेच राहत होती. शेषाद्रीने डबा कविताच्या हातात दिला आणि तिच्या फोनला जोडून दिला. तो इंग्रजीतच बोलला. त्याला मराठी येतं हे त्याने सांगितलं नाही.

हे तो मुद्दाम करत असे. सुरुवातीला तो मोठ्या हौसेने सांगायचा. पण महाराष्ट्रातल्या माणसांनी ऐकलं की तेच ते व्हायचं. काहीतरी बोला ना, पुन्हा बोला ना, थांबा व्हिडिओ काढते. मग ती सगळी हसायची, मायेनेच, पण हसायची. तीनशे वर्षांपूर्वीचं कुणी उठून आल्यासारखं त्याच्याकडे बघायची. कुणी त्याची “आम्हांस” आणि “जातों” ही बोली त्याच्याच तोंडावर सुधारून द्यायचं. त्याला राग येत नसे, शीण येत असे. शेवटी त्याने ते दार लावून घेतलं आणि मराठी माणसांसमोरही तो एक तमिळ डबेवाला होऊन राहिला.

वाटेत महामार्गावर कॉफीला बस थांबली. माणसं हॉटेलात गेली. शेषाद्री बसच्या सावलीत पायरीवर बसून चार्जिंग उतरलेल्या डब्यांना बॅटरी लावत होता. कविता फोन कानाला लावून तिथेच येऊन उभी राहिली, त्याच्यापासून दोन हातांवर.

“वहिनी, आत्ता मेसेज दिसले गं सगळे. बोटीवर नेट नव्हतं घेतलेलं,” ती म्हणत होती. “दादाला घरी पाठवलं म्हणजे? डॉक्टर काहीच करता येणार नाही म्हणाले?”

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. शेषाद्री वायरी सोडवत राहिला.

“नाही, आईला नाही सांगत,” ती म्हणाली. “दादाच म्हणाला ना सांगू नका म्हणून? बरोबर आहे त्याचं. तिचं हृदय बघता... आणि इथून ती काय करणार? आठ दिवसांत सिंगापूरला बोट संपतेय. तिथून मी तिला नाशिकला घेऊन येते. तिथे पोचल्यावर हळूहळू सांगू. आठ दिवस निघतील ना गं?”

पलीकडून काय उत्तर आलं ते शेषाद्रीला ऐकू येण्यासारखं नव्हतं. कविताने फोन ठेवला, ओढणीने तोंड पुसलं, आणि त्याच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, “नेट चांगलं आहे तुमचं.”

त्याने मान हलवली.

त्याला वाटलं होतं की संध्याकाळी घरी पोचल्यावर हे डोक्यातून जाईल. बूथच्या काचेआडून काय कमी ऐकलं होतं त्याने? पण राजेश्वरीने पान वाढलं आणि तो घासभर खाऊन थांबला.

“काय झालें?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं. राजेश्वरी सांबाराचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“पावम, बिचारी,” ती म्हणाली. “त्या मायेस ठाऊकच नाही?”

“नाही.”

“मग तुम्हीं काय करणार?”

“मी काय करूं? माझें काम डबे देणें.”

“सेरी, बरें,” राजेश्वरी म्हणाली आणि पातेलं खाली ठेवलं. ती आणखी काही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं शेषाद्रीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस गावाजवळच्या दारासुरमच्या देवळाला गेली. एजन्सीचा सूर्या हा तिशीतला पोरगेला माणूस सगळ्यांना घेऊन देवळात शिरला. भागीरथीबाईंना पायऱ्या चढवेनात, म्हणून कविताने त्यांना आवारातल्या दगडी ओट्यावर सावलीला बसवलं.

“आई, मी अर्ध्या तासात येते. पाणी पी,” ती म्हणाली आणि सूर्याच्या मागे गेली. तिच्या पर्समध्येच डबा होता.

शेषाद्री जवळच दुसऱ्या ओट्यावर बसला होता. डोळे मिटत होते. तेवढ्यात राजेश्वरीचा फोन आला, दुपारी जेवायला घरी येणार का म्हणून. “येतों. उशीर होईल. तूं जेऊन घे, थांबूं नको,” असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मान वर केली तर भागीरथीबाई त्याच्याकडे बघत होत्या.

आता सुरू होईल, असं त्याच्या मनात आलं. पण म्हातारी हसली नाही. पुन्हा बोला म्हणाली नाही. तिने ओट्यावर आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाली, “इकडे बसा ना जरा.”

तो उठून तिच्याजवळ बसला.

“म्हणजे काल कविता बसपाशी बोलली ते तुम्हाला कळलं असेल,” ती म्हणाली.

शेषाद्रीने हातातला फोन खिशात घातला.

“मी खिडकीतून बघत होते. तिचा चेहरा बघितला मी. कॉफी पिऊन आली तशी माझ्याशी गोड बोलतेय. रात्री दोनदा उठून न्हाणीघरात जाऊन रडली. मला विचारते, पाय दुखतात का, उशी देऊ का.” भागीरथीबाईंनी पदर सारखा केला. “माझ्या हेमंतचं काही आहे का?”

“अम्मा, मज विचारूं नका,” शेषाद्री म्हणाला. “कोणी फोनवर काय बोललें तें मी दुसऱ्यास सांगत नाही. कधींच सांगितलें नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “नका सांगू.”

देवळात सूर्या रथाची दगडी चाकं दाखवत होता, त्याचा आवाज येत होता. मग भागीरथीबाईंनी पिशवीतून आपला फोन काढला.

“याला तुमचं नेट लावून द्या,” ती म्हणाली. “कविताने माझ्या फोनला नेट घेतलंच नाही कुठल्या बंदरात. म्हणते आई, तुला लागतं कशाला, माझ्यावरूनच बोल. आणि तिच्यावरून बोलायचं तर ती समोर असते. तुमच्याकडे डबा असेलच ना एखादा.”

होता. बॅगेत दोन शिल्लक होते, दोन्ही काठोकाठ चार्ज केलेले. शेषाद्रीला बॅटरी संपली म्हणता आलं असतं. सगळे वाटले गेले म्हणता आलं असतं, आणि ते कुणी तपासलं नसतं. अर्ध्या तासात कविता आली असती, दुपारी बस चेन्नईला निघाली असती, आणि म्हातारी बोटीवर चढली असती. पुढचं त्यांचं त्यांनी बघितलं असतं.

तो फोन हातात घेऊन बसला. त्याला त्या घडीला एकच गोष्ट लख्ख वाटत होती, ती म्हणजे तो थकला होता. लोकांची सुखदुःखं आपल्या वायरींमधून पलीकडे पोचवून थकला होता. पण नेट मागणाऱ्या माणसाला, नेट असताना, नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं.

“अम्मा, तुमची छाती,” तो म्हणाला.

“माझी छाती मला ठाऊक आहे.”

त्याने डबा चालू केला. पासवर्ड घातला. फोन तिच्या हातात दिला आणि उठून दूर जायला लागला.

“जाऊ नका,” ती म्हणाली. “मला ते लावता येत नाही. हेमंतचं नाव काढून द्या.”

त्याने हेमंतचं नाव काढलं. व्हिडिओचं बटण दाबलं. बराच वेळ नुसती घंटा वाजत राहिली. मग पडद्यावर एक उशी दिसली, आणि उशीवर एक चेहरा. गालफडं बसलेला, हळदीसारखा पिवळा. साठीच्या आतलाच असावा, पण आईपेक्षा म्हातारा दिसत होता.

“आई?” तो म्हणाला. “तू कशी काय? कविता कुठे आहे?”

भागीरथीबाईंनी फोन डोळ्यांपाशी नेला. फोन कलंडायला लागला तेव्हा शेषाद्रीने तो खालून धरला. धरला म्हणून त्याला तिथे थांबावंच लागलं. तो मान वळवून दुसरीकडे, भिंतीजवळच्या नंदीकडे बघत राहिला.

“जेवतोस का?” शेवटी तिने विचारलं.

“पेज घेतो.”

“कोण देतं?”

“ही देते. आई, तू रडू नकोस.”

“मी रडत नाहीये. तू बघतोयस ना? मी रडतेय का?”

“नाही,” हेमंत म्हणाला. “मीच म्हटलं होतं सांगू नका.”

“ते कळलं मला. शहाणा आहेस. मी येते. दोन दिवसांत येते. तोवर बोलू नकोस जास्त.”

तिने स्वतःच फोन खाली ठेवला. कॉल तसाच चालू होता, शेषाद्रीने तो बंद केला. म्हातारीने पाणी मागितलं, बाटली तोंडाला लावून हळूहळू प्यायली. तिला काही झालं नाही. शेषाद्री तिच्या ओठांकडे, नखांकडे बघत राहिला, ती निळी पडतात का म्हणून.

कविता आली तेव्हा भागीरथीबाईंनी तिला जवळ बसवलं आणि सरळ सांगितलं, “हेमंतशी बोलले मी. बोटीवर जायचं नाही आता.” कविता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. देवळातून आलेली बाकीची माणसं लांबून बघत होती, आणि सूर्या त्यांना बसकडे नेत होता.

मग कविता उठून शेषाद्रीपाशी आली.

“तुम्हाला मराठी येतं,” ती म्हणाली.

“येतें.”

“काल माझं सगळं ऐकलंत.”

“हो.”

“आणि तरी तिला फोन लावून दिलात. तिला काही झालं असतं तर? इथे, या ओट्यावर? मी कुठे धावले असते?” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण जात होतं. “माझ्या भावाने जे मागितलं होतं ते एवढंच होतं. तुम्ही कोण ते मोडणारे?”

त्यांनी मागितलें, मी दिलें, असं शेषाद्रीच्या ओठांवर आलं, पण ते खरं असूनही पुरेसं नव्हतं हे त्याला समजत होतं. मराठी येतं हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ती त्याच्याजवळ उभी राहून बोललीच नसती.

“माझी चूक आहे,” तो म्हणाला. “आधीं सांगायला हवें होतें.”

“हो. हवं होतं,” ती म्हणाली आणि वळली.

पुढचं सूर्याने बघितलं. पोरगा कामाचा होता. पासपोर्ट दोघींच्या पर्समध्येच होते. सामान बोटीवरून उतरवून मागाहून पाठवायचं त्याने फोनवर ठरवलं, आणि त्रिचीच्या विमानतळाला जायला गाडी मागवली. गाडी येईपर्यंत मायलेकी हॉटेलच्या लॉबीत बसल्या होत्या. शेषाद्रीने भागीरथीबाईंच्या पिशवीत तो डबा ठेवून दिला. वाटेत लागेल म्हणून. तो परत मिळणार नव्हता हे त्याला माहीत होतं. निघताना म्हातारीने गाडीच्या काचेतून हात वर केला. कविताने त्याच्याकडे बघितलं नाही.

उरलेल्यांना घेऊन बस चेन्नईला गेली. शेषाद्रीला बंदरापर्यंत जायला हवं होतं, पण सूर्याने त्याच्याकडे बघून म्हटलं, “सार, डबे मी गोळा करतो. तुम्ही घरी जा.” तो टाउन बसने घरी आला. राजेश्वरी जेवायची थांबली होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

“करायचें होतें कां हें?” त्याने विचारलं.

राजेश्वरीने भातावर रसम घातलं. “मज ठाऊक नाही,” ती म्हणाली. “मी त्या मायेच्या जागीं असतें तर मज फोन हवा होता. त्या लेकीच्या जागीं असतें तर तुमच्यावर ओरडलें असतें.”

दोन आठवड्यांनी एजन्सीचा फोन आला. तक्रार आली होती, प्रवाशाचं खाजगी बोलणं ऐकून त्यात हात घातल्याची. एजन्सीचा माणूस त्याला वाईट शब्द बोलला नाही. आता तसेही डबे बंदच करायचे आहेत, सगळे ई-सिमवर जात आहेत, असं त्या माणसाने समजुतीच्या सुरात सांगितलं. शेषाद्रीने उरलेले डबे पुसून, वायरी गुंडाळून कुरिअरने पाठवून दिले.

हेमंतचं पुढे काय झालं ते त्याला सूर्याकडून कळलं. सामान पाठवायच्या निमित्ताने सूर्याचं कविताशी बोलणं होत होतं. मायलेकी नाशिकला पोचल्या तेव्हा हेमंत शुद्धीवर होता. चार-पाच दिवस आई त्याच्या उशाशी बसून होती. पेज तीच भरवायची. मग तो गेला. बोट तेव्हा अजून सिंगापूरला लागायची होती. कविता एवढंच म्हणाली होती, आणखी काही नाही. तक्रार मात्र तिने मागे घेतली नाही, आणि शेषाद्रीला त्यात काही गैर वाटलं नाही. तिचा राग तिच्याजवळ राहायलाच हवा होता.

“तुम्हाला बरं वाटलं असेल ना सार?” सूर्याने विचारलं. “पोचल्या त्या वेळेवर.”

“आई वेळेवर पोचली,” शेषाद्री तमिळमध्ये म्हणाला. “मला काय वाटलं ते मलाच नीट सांगता येत नाही.”

आता तो दारासुरमला एका विणकराकडे जातो. रेशमाचे ठोक व्यापारी उत्तरेकडून फोन करतात, त्यांच्याशी हिंदी-मराठीत बोलायला माणूस हवा होता. काम बैठं आहे. संध्याकाळी सहाला सुटतं. महाराष्ट्रातला कुणी व्यापारी फोनवर आला की शेषाद्री पहिल्या वाक्यालाच आपलं मराठी बोलतो. पलीकडचा हसतो, काहीतरी पुन्हा बोला म्हणतो. शेषाद्री बोलतो, आणि मग साडीच्या काठाचा रंग विचारतो.